नवी मत्स्यपेटी : पहिल्या चाळीस दिवसांची निगा

गोमंतकीयांना मासा ठाऊक नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. बाजारात कल्ला उचलून ताजेपणा पारखणारी नजर येथे घरोघरी आहे. मात्र हाच मासा जिवंतपणी, काचेच्या पेटीत बसून दिवाणखान्यात आला की आपले ज्ञान अपुरे पडू लागते. पेटी, रंगीत खडे, हवेचा पंप आणि आठ-दहा मासे, असे सारे एकाच दिवशी घरी येते. पहिले तीन-चार दिवस मुले पेटीसमोरून हलत नाहीत. पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी दुधाळ होते, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागतात आणि दुसरा आठवडा संपण्यापूर्वी पेटी रिकामी होते. ‘आमच्या घराला मासे लाभत नाहीत’ असा निष्कर्ष काढून ती पेटी माळ्यावर जाते.

वस्तुतः नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा वर्षांहून अधिक जगतो, एंजल मासा आठ-दहा वर्षे जगू शकतो आणि अल्पायुषी मानला जाणारा गप्पीही दोनेक वर्षे साथ देतो. दहा दिवसांत मेलेला मासा आयुष्य संपले म्हणून मेलेला नसतो. बहुतेक वेळा तो स्वतःच्याच उत्सर्गाने विषारी झालेल्या पाण्यात गुदमरून मेलेला असतो. हे टाळणे खर्चाचे नाही. त्यासाठी पाण्यात काय घडते ते समजून घ्यावे लागते आणि चार ते सहा आठवडे धीर धरावा लागतो.

पाण्यात काय घडते?

मासा आपल्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. उरलेले अन्न, विष्ठा व कुजणारी पाने यांतूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहत्या, विपुल पाण्यात विरतो. पन्नास लिटरच्या पेटीत तो साचत जातो. निसर्गात त्याची विल्हेवाट लावणारे जीवाणू असतात. त्यांपैकी एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो. अमोनिया व नायट्राइट दोन्ही विषारी असतात. नायट्रेट मात्र माफक प्रमाणात मासे सहन करतात, वनस्पती ते शोषून घेतात आणि उरलेले पाणी बदलून काढून टाकता येते.

या जीवाणूंचे स्वरूप रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास उलगडले. गोड्या पाण्याच्या मत्स्यपेट्यांत नायट्राइटचे काम प्रामुख्याने ‘नायट्रोस्पायरा’ गटातील जीवाणू करतात, हे १९९८ मध्ये अमेरिकेतील संशोधनातून पुढे आले. अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने पूर्ण करणारे याच गटातील जीवाणू २०१५ मध्ये सापडले. हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर आणि काचेवर चिकटून राहतात. त्यांची वाढ मंद असते. नव्या पेटीत ते जवळजवळ नसतातच आणि पुरेसे होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पेटी ‘पिकणे’ म्हणतात ते हेच. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असतानाही ते विषारी असू शकते, कारण अमोनिया व नायट्राइट डोळ्यांना दिसत नाहीत.

अमोनियाची तीव्रता पाण्याच्या आम्लतेवर, म्हणजे पीएचवर, अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का भाग घातक स्वरूपात असतो. पीएच ८ ला तो सुमारे ५ टक्के आणि पीएच ९ ला सुमारे ३६ टक्के होतो. तापमान वाढले की हे प्रमाण आणखी वाढते. त्यामुळे एका घरी निभावलेली चूक दुसऱ्या घरी जिवावर बेतते.

नायट्राइटचा मार्ग वेगळा आहे. ते कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता हिरावून घेते. रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

पेटी आणि तिची जागा

नवशिक्याने लहान पेटी घ्यावी, हा सल्ला उलटा आहे. पाणी जितके कमी, तितका चुकीचा परिणाम जलद व तीव्र. गोल काचपात्रात पाणी कमी असते, फिल्टर बसत नाही आणि ते गळ्यापर्यंत भरले की हवेशी संपर्क येणारा पृष्ठभागही अरुंद होतो; मासा ठेवण्यास ते अयोग्य आहे. सुरुवातीस निदान ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच पेटी घ्यावी. लांबी, रुंदी व उंची यांच्या गुणाकाराला १००० ने भागले की लिटर मिळतात. या पेटीत ५४ लिटर मावतात. खडी व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी राहते. भरलेल्या पेटीचे वजन पासष्ट-सत्तर किलोपर्यंत जाते, म्हणून स्टूल किंवा डुगडुगते टेबल चालणार नाही. मजबूत, समतल बैठक आणि तळाशी थर्मोकोलचा पत्रा आवश्यक आहे.

थेट ऊन पडेल अशी खिडकी टाळावी, कारण उन्हाने पाणी तापते व शेवाळ माजते. विजेच्या तारा बटणाच्या पातळीखाली झोळ देऊन मग वर न्याव्यात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोळातून खाली ठिबकते. पेटीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी.

नळाचे पाणी, विहिरीचे पाणी

नळाच्या पाण्यात जंतुनाशनासाठी क्लोरिन असतो. आपल्याला निरुपद्रवी असलेली ही मात्रा माशांचे कल्ले भाजते आणि उपयुक्त जीवाणूही मारते. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की क्लोरिनची मात्रा वाढण्याची शक्यता असते. असे पाणी उघड्या बादलीत हवेचा पंप लावून चोवीस तास ठेवावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरिननाशक वेष्टनावरील मात्रेनुसार वापरावे. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरले जात असेल तर ते नुसते ठेवल्याने उडून जात नाही. तेथे औषधच लागते.

विहिरीच्या पाण्यात क्लोरिन नसला, तरी गोव्यातील जांभ्या दगडाच्या जमिनीतले पाणी बहुधा मृदू व किंचित आम्लधर्मी असते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्यातील क्षारता खर्च होते. मृदू पाण्यात ती मुळातच थोडी असल्याने पीएच घसरत जातो, आणि तो ६ च्या खाली गेला की जीवाणूंचे काम जवळजवळ थांबते. यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. तिसऱ्या किंवा खुब्यांच्या शिंपल्या स्वच्छ घासून, उकळून, कुटून त्यांची मूठभर भुकटी जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरजवळ ठेवावी. शिंपल्यातील कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू विरघळते व क्षारता टिकवते.

माशांविना तयारी

सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे मासे आणण्यापूर्वी पेटी पिकवणे. खडी साध्या पाण्याने धुवावी, साबण लावू नये. पाणी भरावे आणि फिल्टर व पंप दिवस-रात्र चालू ठेवावेत. जीवाणूंना अन्न म्हणून अमोनिया हवा. त्यासाठी शुद्ध नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, वापरता येतो. ४५ ते ५० लिटर पाण्यात सुमारे ०.३ ग्रॅम, म्हणजे एक लहान चिमूट, टाकल्यास अमोनियाचे प्रमाण लिटरमागे २ मि.ग्रॅ. होते. कल्हईसाठी विकला जाणारा नवसागर अशुद्ध असू शकतो, तो टाळावा. नवसागर न मिळाल्यास रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकून ते कुजू द्यावे; हा मार्ग संथ व थोडा दुर्गंधीचा असला तरी चालतो.

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व पीएच मोजणारा चाचणी संच या काळात पंपाइतकाच आवश्यक आहे. पहिल्या आठवड्यात अमोनिया कायम राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो उतरू लागतो व नायट्राइट चढते. नंतर नायट्राइटही उतरते आणि नायट्रेट दिसू लागते. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढीच चिमूट टाकावी. टाकलेला सर्व अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य दाखवू लागले, की पेटी तयार झाली. मग निम्म्याहून अधिक पाणी बदलून साचलेले नायट्रेट कमी करावे व मासे आणावेत.

हा काळ कमी करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे एखाद्या मित्राच्या जुन्या, निरोगी पेटीतील फिल्टरचा स्पंज किंवा मूठभर खडी. ती ओलीच आणून लगेच आपल्या फिल्टरमध्ये ठेवावी. बाटलीतून मिळणारे जीवाणू ताजे व नीट साठवलेले असतील तरच उपयोगी पडतात. तेव्हाही निर्णय चाचणीवरूनच घ्यावा.

मासे आधीच आणले असतील तर

अनेक वाचकांची स्थिती हीच असेल. अशा वेळी घाबरून संपूर्ण पाणी ओतून देऊ नये. रोज चाचणी करावी. अमोनिया किंवा नायट्राइट लिटरमागे ०.५ मि.ग्रॅ. च्या जवळ आले की २५ ते ५० टक्के पाणी, त्याच तापमानाच्या व क्लोरिनमुक्त पाण्याने, बदलावे. खाद्य एक दिवसाआड, तेही अगदी थोडे द्यावे. नवा मासा आणू नये. नायट्राइट दिसू लागल्यास ५० लिटर पाण्यात ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, साधे मीठ विरघळवून घालावे. मिठातील क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरणाऱ्या नायट्राइटची वाट अडवते. एवढ्या मिठाचा मासे वा वनस्पतींना त्रास होत नाही. पाणी बदलल्यावर, जितके पाणी काढले त्या प्रमाणातच मीठ पुन्हा घालावे.

सुरुवातीचे दुधाळ पाणी पाहून पेटी रिकामी करण्याची घाई होते. हा दुधाळपणा पाण्यात तरंगणाऱ्या इतर जीवाणूंचा असतो आणि काही दिवसांत आपोआप निवळतो. प्रत्येक वेळी पेटी धुऊन काढली तर पिकण्याची प्रक्रिया पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

कोणते मासे, किती?

पन्नास-साठ लिटरच्या पेटीत प्रारंभी सहा झेब्रा डॅनिओ घ्यावेत. दक्षिण आशियातीलच हा चपळ, काटक मासा कळपाने राहतो. मात्र तो उडी मारतो, म्हणून पेटीवर झाकण हवे. दोन-तीन आठवड्यांनी पाच-सहा गप्पी घेता येतील. गप्पी व मॉली किंचित कठीण पाण्यात अधिक सुखी असतात, म्हणून मृदू पाण्यात वरील शिंपल्यांचा उपाय विसरू नये. गप्पीची मादी साधारण महिन्याला पिल्ले घालते व नराशिवायही काही महिने घालत राहू शकते. पेटी भरून वाहू नये असे वाटत असेल तर केवळ नर घ्यावेत. निऑन टेट्राला मृदू पाणी मानवते, परंतु नव्या पेटीतील चढउतार तो सोसत नाही. त्याला काही महिन्यांनी आणावे. फायटर मासा हवेतील प्राणवायू घेऊ शकतो, म्हणून तो बरणीत विकला जातो. याचा अर्थ त्याला बरणी मानवते असा नाही. दोन नर एकत्र ठेवू नयेत.

काही मासे दुकानात लहान दिसतात म्हणून फसगत होते. गोल्डफिश थंड पाण्याचा, मोठा होणारा व भरपूर घाण करणारा मासा आहे. त्याला अधिक मोठी पेटी व जोरदार फिल्टर लागतो. काच चाटणारा ‘सकर’ ४० सें.मी. पर्यंत वाढतो आणि नावासारखी पेटी साफ करून देत नाही. बोटभर लांबीचा रुपेरी ‘शार्क’ हा वस्तुतः पंगॅसियस मासा असून पूर्ण वाढ झाल्यावर एक मीटरहून लांब होतो. आपल्याकडे उपाहारगृहांत ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुधा हाच.

मासे सोडताना

पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगू द्यावी, म्हणजे तापमान जुळते. नंतर ती उघडून दर पाच मिनिटांनी पेटीतले अर्धी वाटी पाणी आत घालावे. अर्ध्या तासाने मासे जाळीने उचलून पेटीत सोडावेत. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. त्या दिवशी दिवा बंद ठेवावा व खाद्य देऊ नये. दुसरी पेटी असल्यास नव्या माशांना तीन-चार आठवडे वेगळे ठेवणे श्रेयस्कर.

खाद्य : प्रेमाची मर्यादा

नव्या पेटीतील मासे उपासमारीने क्वचितच मरतात; अतिखाद्याने मात्र सर्रास मरतात. मासा शीतरक्ताचा असल्याने त्याची अन्नाची गरज आपल्या कल्पनेहून बरीच कमी असते. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून एकदा द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा. देवळाच्या तळीतल्या माशांना आपण चुरमुरे घालतो, ते घरच्या पेटीत चालत नाहीत. भात, पोळीचे तुकडे, पाव हे पाण्यात कुजतात. घरातील प्रत्येकाने आपापल्या वेळी चिमूट टाकली तर माशांना दिवसात पाच जेवणे होतात. म्हणून खाद्याची जबाबदारी एकाकडेच असावी.

आठवड्याचे काम

आठवड्यातून एकदा २० ते २५ टक्के पाणी सायफनच्या नळीने, खडीतील गाळासह, काढावे व तयार ठेवलेले पाणी भरावे. बाष्पीभवनाने घटलेले पाणी वरून भरणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. वाफ उडून जाते, क्षार व नायट्रेट मागेच राहतात. नायट्रेट लिटरमागे ४० मि.ग्रॅ. च्या आत राखावे. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, पेटीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. नळाखाली धुतल्यास क्लोरिनने जीवाणू मरतात.

रविवारी पेटी पूर्ण रिकामी करून, खडी घासून, काच साबणाने चकचकीत करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. तिच्यामागील हेतू चांगला असतो, पण चाळीस दिवस खपून तयार केलेली जीवाणूंची वसाहत तिने एका दुपारी नष्ट होते.

पांढरे ठिपके

नव्या पेटीतील सर्वपरिचित रोग म्हणजे अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके. हा ‘इक्’ नावाच्या परजीवीचा प्रादुर्भाव होय. ठिपक्यातील परजीवी त्वचेखाली सुरक्षित असतो. तो पक्व झाला की तळाशी पडतो, तेथे त्याची शेकडो पिले होतात आणि ती पोहत नवा मासा शोधतात. औषध केवळ या पोहणाऱ्या अवस्थेवर चालते. म्हणून ठिपके दिसेनासे होताच औषध थांबवले तर आठवडाभरात रोग दुप्पट वेगाने परततो. वेष्टनावर दिलेला पूर्ण काळ उपचार करावा आणि त्या दरम्यान फिल्टरमधील कोळसा काढून ठेवावा, कारण तो औषध शोषून घेतो.

उन्हाळा, वीज आणि डास

पाणी तापते तसा त्यातील प्राणवायू घटतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मि.ग्रॅ. प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. मे महिन्यात झाकण किंचित उघडे ठेवून त्यावर जाळी लावावी व पंखा पृष्ठभागाकडे वळवावा. हीटरची गरज गोव्याच्या किनारपट्टीत क्वचितच भासते.

पावसाळ्यात वीज जाते तेव्हा खाद्य बंद ठेवावे व दर अर्ध्या तासाने तांब्याने पाणी वर उचलून पुन्हा सोडावे. बॅटरीवरचा लहान पंप घरी असणे उत्तम. बंद डब्याच्या फिल्टरमधील पाणी कित्येक तास तुंबले असल्यास ते टाकून, स्पंज पेटीच्या पाण्यात खळबळून मगच यंत्र सुरू करावे.

डासांसाठीच्या फवाऱ्यांत व अगरबत्त्यांत पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये असतात. माणसाला त्यांचा फारसा उपद्रव होत नाही, माशांना मात्र ती अत्यल्प मात्रेतही मारक ठरतात. हवेचा पंप खोलीतील हवा थेट पाण्यात ढकलत असतो, हे विसरू नये. ज्या खोलीत पेटी आहे तेथे फवारणी करूच नये. अटळ असल्यास पेटी ओल्या कापडाने झाकून पंप तेवढा वेळ बंद ठेवावा.

नदीत सोडू नका

मासे वाढले, नकोसे झाले, की त्यांना जवळच्या ओढ्यात किंवा तळ्यात ‘मुक्त’ करण्याचा मोह होतो. ही दया नव्हे. असेच सोडलेले सकर मासे आज भारतातील अनेक नद्या-तलावांत फोफावले आहेत आणि मच्छीमारांची जाळी फाडत आहेत. आपल्या ओहोळांत व शेतांच्या पाण्यात अप्लोकायलससारखे चिमुकले स्थानिक मासे आहेत. डासांच्या अळ्या खाणाऱ्या या माशांचा १९९० च्या दशकात गोव्यात मलेरिया नियंत्रणासाठी उपयोगही करण्यात आला होता. परक्या माशांशी त्यांची स्पर्धा लावून देणे आपल्यालाच महाग पडेल. नको असलेला मासा दुकानदाराला परत करावा वा दुसऱ्या पालकाला द्यावा.

चाळीस दिवस रिकाम्या पेटीकडे पाहत बसणे मुलांना कंटाळवाणे वाटेल. त्यांच्या हाती चाचणीची नळी आणि एक वही द्यावी. रोजचा रंग पाहून आकडा लिहू द्यावा. अमोनिया उतरल्याची, नायट्राइट चढल्याची आणि एके दिवशी दोन्ही शून्यावर आल्याची नोंद त्यांच्याच अक्षरात झाली, की त्या पेटीत सोडलेला पहिला मासा त्यांना केवळ शोभेची वस्तू वाटणार नाही. आपण ज्याच्यासाठी पाणी तयार केले, असा तो घरातला जीव असेल.